नवसाचं अस्वल

आमच्याकडे अस्वलाच्या शिकारीचा हंगाम होळीला येतो, आणि त्या शिकारीतलं अस्वल म्हणजे माणूस असतो. अंगाला तव्याची काजळी फासलेला, काळ्या घोंगडीखाली वाकलेला, बोटांना पत्र्याची नखं बांधलेला कुणीतरी नवस बोललेला माणूस. होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळा पाडा त्याला हुडकतो, ढोल वाजवत हाकतो, शेवटी होळीच्या माळावर मारतो. मग त्याच्या घरातली बाई येऊन त्याला उठवते. बाईनं उठवलं की त्या वर्षापुरता नवस फिटला. तिनं नाही उठवलं तर सगळं वाया.

काठीची राजवाडी होळी बघायला लांबून लोक येतात. मोरपिसांचे टोप घालून नाचणाऱ्या बुध्यांचे फोटो काढतात, ढोलापुढे स्वतःचेही काढतात. आमचं अस्वल त्यांना दिसत नाही. आमचा पाडा काठीहून बराच आत आहे, तिथं गाडी जात नाही. जात नाही तेच बरं आहे.

खरं अस्वल आता कुणी मारत नाही. मारलं तर तुरुंग आहे, हे शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. मोहाची फुलं गळायला लागली की अस्वलं झाडाखाली येतात, आम्हीही टोपल्या घेऊन येतो, आणि कधीमधी दोघांची गाठ पडते, तेवढाच आता संबंध. पण आजोबांच्या पिढीनं खरी शिकार केलेली. त्यांतला एक म्हातारा अजून आहे. माझ्या बापाचा दोस्त, वयानं त्याच्याहून पुष्कळ मोठा. होळीतला शिकारी दरवर्षी तोच होतो. लाकडाची बंदूक खांद्याला लावतो आणि गोळीच्या जागी सुतळी बॉम्ब पेटवतो. "अस्वलाला सरकारनं वाचवलं," तो म्हणतो, "आता आम्हाला मारायला माणसंच उरली." मग स्वतःच हसतो, खोकला येईपर्यंत.

माझ्या बापानं पाच होळ्यांचं अस्वल कबूल केलं होतं. त्याला आम्ही आबा म्हणायचो, आईला याहा म्हणतो. आमच्या भिलीत अहो-जाहो नाही, बापालाही अरे-तुरेच. इथं मी पाड्यातल्या सगळ्यांचं बोलणं मराठीत लिहितोय, कारण शाळेनं मला लिहायला तेवढीच भाषा दिली.

नवस याहासाठी होता. तिचा ताप डोक्यात गेला होता. खाली नंदुरबारला नेलं, तिथं ती खाटेवर पडून होती आणि माणसं ओळखत नव्हती. मला बघून तिनं तोंड फिरवलं, परक्या माणसाला बघून बाया फिरवतात तसं. आबा दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसलेला. डॉक्टरांवर त्याचा विश्वास नव्हता असं नाही, त्यानं दोन्हीकडे सांगून ठेवलं इतकंच. ही उठली तर मी पाच होळ्या पडेन, असं तो लिंबाखाली बोलला. याहा उठली. आबा चार होळ्या पडला आणि चारही वेळा याहानं त्याला उठवलं. भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी डोक्यावर ओतायचं, पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "ऊठ, घरी चल." आबा लगेच उठायचा नाही. मुद्दाम पडून राहायचा, बायका हसायच्या, याहा चिडून दुसरी थाप जोरात मारायची.

पाचवी होळी राहिली.

दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला खाली शहाद्याकडे जायचे, पाड्यातली निम्मी माणसं जातात तसेच. गेल्या हंगामात एके दुपारी आबानं कोयता बांधावर ठेवला आणि उसाच्या मोळीला टेकून बसला. याहा शेजारीच मोळ्या बांधत होती. तिला वाटलं, दम खातोय. ती बांधत राहिली. मग ट्रॅक्टर आला. ती ओरडली, ऊठ, ट्रॅक्टर आला. पुन्हा ओरडली, ऊठ की, माणसं काय म्हणतील. तिसऱ्यांदा तिनं त्याच्या खांद्याला धरून हलवलं. साप नाही, ताप नाही, कुणाचा धक्का नाही. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहून दिलं.

मी तळोद्याला एका लॅबमध्ये रक्त काढतो. सुई टोचताना माणसं तोंड फिरवतात, मी फिरवत नाही, माझं कामच ते. आबाला टेम्पोत घालून रस्ता आहे तिथवर वर नेताना मी शेजारी बसलो होतो आणि त्याच्या हाताच्या कोपराजवळची शीर बघत होतो. चांगली शीर होती, एका टोच्यात सापडली असती. एवढंच मनात आलं. दहन झालं, तेरवं झालं, मी कामावर परत गेलो आणि पहिल्याच सकाळी रांग संपवली. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. दुःख झालं असेलही, पण माझ्यापर्यंत आलं नव्हतं. जेवताना मीठ कमी आहे की जास्त ते कळायचं नाही. खोलीवर सहकाऱ्यांनी विनोद केला की मी हसायचो, आणि हसलो हे मला नंतर लक्षात यायचं.

माघात म्हाताऱ्या शिकाऱ्याचा फोन आला. त्याच्याकडे फोन नाही. कुणाचा तरी घेऊन, टेकडीवर चढून केला होता, वारा सगळा फोनमध्ये शिरत होता.

"यंदा अस्वल कोण?" त्यानं विचारलं.

"कुणीतरी असेल की."

"कुणीतरी नाही चालत. तुझ्या बापाचं शेवटचं वर्ष आहे. बाप नसला की पोरानं पडायचं. बोललेलं राहिलं तर दिलेलं परत मागतात, ठाऊक आहे ना तुला?"

दिलेलं म्हणजे याहा. मी रोज लोकांचं हिमोग्लोबिन मोजतो, साखर मोजतो. माणूस कशानं उठतो आणि कशानं उठत नाही याचे कागद माझ्या हातांतून जातात. माझा त्यावर विश्वास आहे की नाही ते मला सांगता आलं नसतं. पण आबा गेला आणि त्यानंतर याहाला एक साधा खोकला झाला, तेव्हा मी तिच्या छातीचा फोटो दोनदा काढून घेतला होता. मी शिकाऱ्याला हो म्हणालो. चहा घेणार का विचारल्यावर म्हणतो तसं.

नवसाच्या माणसाला होळीआधी पालनी पाळावी लागते. खाटेवर झोपायचं नाही. पायात काही घालायचं नाही. साबण नाही, तेल नाही, स्वतःचं स्वतः शिजवून खायचं, आणि बाईला हात लावायचा नाही. डोंगरात हे सोपं आहे. तळोद्याच्या लॅबमध्ये बसून पाळायचं म्हणजे तमाशाच. आमच्याकडे सकाळी अर्ध्याहून जास्त रांग बायांची, त्यांतल्या कितीतरी पोटुशा. मी लॅबमधल्या मुलीला सांगितलं की रजा मिळेपर्यंत बायांचं रक्त तू काढ, पुरुषांचं मी काढतो.

"मग दादा, मी पण नवस बोलते," ती म्हणाली, "पुरुषांना हात लावायचा नाही. मग रांगेकडे कोण बघणार?"

तरी तिनं काढलं. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी माझे पाय बघितले आणि फरशीवर सांडलेल्या रक्तातून संसर्ग कसा होतो ते मला समजावलं. मी रोज तेच इतरांना समजावतो. मी मान डोलावली. "निदान स्लीपर तरी घाला," त्या म्हणाल्या. मी घातली नाही. शेवटी वैतागून त्यांनीच रजा दिली. रागावल्या होत्या, पण जाताना म्हणाल्या की आईला भेटून या. मी भेटायलाच चाललो होतो, पण मला त्याची उत्सुकता नव्हती आणि भीतीही नव्हती.

वर जाण्याआधी अक्कलकुव्याला उतरलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक मुसलमान पत्रेवाला बसतो. बादल्यांना बूड लावतो, चाळण्या, कंदील, गाळण्या करतो. आबाची नखं तोच करायचा, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. पहिल्या होळीची गंजली, मग दुसरी केली, अशी आबाची त्याच्याकडे दरवर्षी फेरी व्हायची. मी दुकानापुढे उभा राहिलो. म्हाताऱ्यानं आधी माझे अनवाणी पाय बघितले आणि मग तोंड.

"पालनी शे का?" तो अहिराणीत म्हणाला. "तू त्यानाच पोऱ्या ना रे? तुन्हा बाप कोठे शे? दरसाल तोच ये."

"वारना तो," मी म्हणालो. "दिवाळीनंतर."

"काय सांगी ऱ्हायना!" त्याच्या हातातली कातर थांबली. गिऱ्हाईक आलं त्याला हातानंच थांब म्हणाला. "भला माणूस व्हता. नखं बांधीसन मन्हाच पोऱ्यासले भिवाडे इठे. अल्ला त्याले जन्नत दे." मग म्हणाला, "हात दाखाड तुन्हा."

मी हात पुढे केले. त्यानं एकेक बोट धरून पत्र्याची पट्टी गुंडाळून बघितली.

"बारीक शेतस तुन्हा बोटं. त्याना मापनं नको, नवं करस. टोक बोथट ठेवस, कोणले लागाले नको."

पत्रा कापताना त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. मी बघत होतो. आबाला वर्षातून एकदा भेटणारा माणूस रडत होता, आणि मी, त्याचा मुलगा, पत्र्याच्या कडेला धार राहू नये एवढं बघत होतो. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. खरंच वाटला. बऱ्याच दिवसांत काहीतरी वाटलं असेल तर तेच.

घरी पोहोचलो तेव्हा याहा अंगणात बसून सुपात दाळ्या निवडत होती. होळीला दाळ्या आणि गूळ लागतो. तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि तिला समजलं. मी नखांची पिशवी खुंटीला लावली.

"कुणी सांगितलं तुला?" तिनं विचारलं.

"शिकाऱ्याचा फोन आला होता."

"तो म्हातारा स्वतः मरत नाही आणि दुसऱ्याला पाडत फिरतो." ती पुन्हा दाळ्या निवडायला लागली. "तू पड नाहीतर नको पडू. मी उठवायला येणार नाही."

मी बसलो, जमिनीवरच. पालनीत पाटसुद्धा चालत नाही.

"अगं, शेवटचं वर्ष आहे. पाच पुरी होतील."

"झाली पाच." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चार माळावर झाली. पाचवी उसात झाली. तिथंही तो पडला, तिथंही मी ऊठ म्हटलं. एकदा नाही, तीनदा म्हटलं. नाही उठला. आता मला उठवता येत नाही. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला पाचपर्यंत मोजता येत नाही का?"

तिचा आवाज चढला नाही. भाजीत काय घालू हे विचारावं तशा आवाजात ती बोलली. ती रडलीच नव्हती. आबाला आणलं तेव्हा बायका तिला धरून रडत होत्या आणि ती त्यांच्या खांद्यावरून अंगणातल्या कोंबड्या मोजत असल्यासारखी बघत होती. घरात आम्ही दोघं असे होतो, दोन बंद चुली. एकमेकांशी आम्ही नीट बोलायचो, वेळेवर जेवायचो आणि भांडायचो नाही.

मी शिकाऱ्याकडे गेलो. म्हणालो, ती येत नाही, माझ्या काकूनं उठवलं तर चालेल का? तो मोहाच्या झाडाखाली बसून विडी ओढत होता.

"जिच्यासाठी बोललं तिनंच उठवायचं असतं," तो म्हणाला. "काकूनं उठवलं तर काकू जगेल."

"आणि याहा आलीच नाही तर?"

"तर तू पडून राहशील. मग काय करायचं ते मलाही ठाऊक नाही. असं झालेलं नाही कधी." विडी विझवून तो उठला. "ये, चालून दाखव."

मग आमची तालीम सुरू झाली. रोज सकाळी तो मला नाल्याच्या वाळूत घेऊन जायचा. अस्वल मागचे पाय आत वळवून टाकतं, भार पुढच्या पंजांवर, डोकं खाली, आणि चालताना सगळं अंग हलतं. वारुळ दिसलं की नखांनी फोडायचं, तोंड लावायचं आणि आधी फुंकायचं, मग ओढायचं. तो आवाज आबा असा काढायचा की कुत्री शेपूट घालायची. मी काढला की शिकारी कपाळाला हात लावायचा.

"तू दवाखान्यातल्यासारखा चालतोस," तो म्हणायचा. "पायाखाली फरशी असल्यासारखा. अस्वलाला भूक असते रे. तुला भूक लागत नाही का?"

खरं सांगायचं तर लागत नव्हती. मी स्वतःचं स्वतः भात शिजवायचो आणि अर्धा टाकून उठायचो. याहा लांबून बघायची. पालनीत तिनं रांधलेलं मला चालत नव्हतं. आमच्या दोघांच्या ते पथ्यावरच पडलं, एकमेकांना वाढायची वेळ येत नव्हती.

पडायचं कधी, हे शिकाऱ्यानं मला पुन्हा पुन्हा बजावलं. "बार झाल्यावर पडायचं. आधी नाही. मी बंदूक उचलीन, वात पेटवीन, तोवर तू मागच्या पायांवर उभा राहायचं, दोन्ही पंजे वर. बार झाला की पडायचं. बाराच्या आधी पडलेलं अस्वल कुणी मारलेलं नसतं, ते नुसतंच मेलेलं असतं. त्याचं काही करता येत नाही." हे तो आबालाही सांगायचा का, असं मी विचारलं. "त्याला कशाला सांगायचं," तो म्हणाला. "तो तर बार झाल्यावरही पडायचा नाही. मला दुसरा पेटवायला लावायचा."

होळीच्या आदल्या दिवशी मी घोंगडी बाहेर काढली. आबाची होती ती. त्यानं तिला अंबाडीचे काळे रंगवलेले झुपके टाचले होते, काही निघाले होते. मी सुई-दोरा घेऊन ते टाचायला बसलो. याहा आली आणि घोंगडीचं दुसरं टोक धरून बसली. तिनंही सुई घेतली. मध्ये तिनं घोंगडी उचलून नाकाशी नेली, लगेच खाली ठेवली आणि टाचत राहिली. मला वाटलं आता काही बोलेल. ती म्हणाली, "इथला दोरा कच्चा आहे, डबल घे." मी डबल घेतला. संध्याकाळपर्यंत घोंगडी तयार झाली आणि मी तिला विचारलं, येशील का. ती म्हणाली, नाही.

होळी पहाटे पेटली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर मला तयार केलं. काकांनी काजळी आणि तेल कालवून तोंडाला, मानेला, हातांना फासलं. पालनीत तेल चालत नाही, पण अस्वलाला चालतं, असं काहीतरी. नखं बांधली. कमरेला घुंगरू. पाठीवर घोंगडी आली तेव्हा कळलं की ती किती जड आहे. आबा हिच्यात दिवसभर नाचायचा.

मला जंगलाकडून सोडलं. ढोल वाजले, पावरी वाजली, पोरं दगडाआडून ओरडली, माणसं काठ्या घेऊन धावली. मी एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात, नाल्यातून, शेतातून, कुंपणांतून जात राहिलो. दोन वारुळं फोडली. एका घराच्या ओट्यावर चढून मडकं पाडलं, ते अस्वलानं करायचं असतं, घरातल्या बाईनं शिव्या द्यायच्या असतात, तिनं दिल्या. घामानं काजळी डोळ्यांत उतरत होती. मला मजा येत नव्हती आणि त्रासही होत नव्हता. आपण काय करतोय ते मी वरून बघत होतो आणि चांगलं चाललंय असं मनात म्हणत होतो.

दुपारी मला माळावर हाकललं. होळीची राख अजून गरम होती. सगळा पाडा गोल उभा. समोर शिकारी, खांद्याला लाकडाची बंदूक, हातात काडेपेटी, पायाजवळ सुतळी बॉम्ब. बायका एका बाजूला, रंगीत लुगड्यांची ओळ. मी डोकं हलवत, घुंगरू वाजवत त्या ओळीवरून नजर फिरवली. याहा नव्हती. पुन्हा फिरवली. काकू होती, शेजारच्या होत्या. याहा नव्हती.

मग शिकाऱ्यानं बंदूक उचलली. मी मागच्या पायांवर उभा राहिलो, पंजे वर केले. तो वात पेटवायला वाकला. वात ओली असावी, काडी विझली. त्यानं दुसरी ओढली, तीही विझली. मी पंजे वर धरून उभा. ऊन, अर्धं पोट, घोंगडी. माझ्या पायांना काय झालं मला माहीत नाही. मी ठरवलं नव्हतं. गुडघे गेले आणि मी एका कुशीवर राखेजवळ आडवा झालो. बार झालाच नव्हता.

ढोल थांबले, सगळे एकदम नाही, एकेक करून. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. शिकारी हातात पेटती काडी घेऊन तसाच उभा होता. मी घोंगडीखालून त्याचे पाय बघत होतो. उठावं की पडून राहावं मला कळेना. पडलेल्या अस्वलानं आपण होऊन उठायचं नसतं, आणि न मारलेल्या अस्वलानं पडायचं नसतं. चक्कर आलेली नव्हती. मी चांगला शुद्धीवर होतो, फक्त उठत नव्हतो.

मग पावलं ऐकू आली, भराभर येणारी, राख उडवत. याहा बायकांच्या ओळीत नव्हती, मागे कुणाच्या तरी ओट्यावर उभी होती, ते मला नंतर कळलं. तिच्या हातात तुंबा नव्हता, पाणी नव्हतं. तिनं पहिला फटका पाठीवर मारला तो उघड्या हातानं, आणि थाप नव्हती ती.

"कुणी मारलं तुला?" ती ओरडली. "बार झाला का? झाला का बार? कुणी हात तरी लावला का? मग पडलास कशाला?"

दुसरा फटका, तिसरा. घोंगडीतून धूळ उठत होती. ती दोन्ही मुठींनी मारत होती.

"धडधाकट माणूस! सकाळी भाकरी खाल्लीस. माझ्याशी बोललास. नुसता बसलास आणि पडलास! असं पडतं का कुणी? बोलायचं नाही का काही? दुखतंय म्हणायचं नाही का?"

मला लागत होतं. कितीतरी महिन्यांत काही लागलं नव्हतं, ते आता पाठीत, बरगडीत नीट लागत होतं. मी हललो नाही. शिकाऱ्याचे पाय एक पाऊल पुढे आले आणि थांबले. कुणीच तिला धरायला आलं नाही.

हळूहळू तिचे हात थकले. ती माझ्याशेजारी राखेत बसली. तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. पाड्यानं तिला तसं कधी बघितलं नव्हतं आणि मीही नाही.

बऱ्याच वेळानं म्हातारा शिकारी खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "उठव त्याला आता. उठवलंस की झालं."

याहानं नाक पुसलं. तिचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला. घोंगडी माझ्या पायांवरून सरकली होती ती तिनं ओढून नीट केली.

"नाही," ती म्हणाली. "मागं मी लई घाई केली. ऊठ ऊठ म्हणून ओरडले. दमला असेल तो. पडू दे त्याला जरा."

शिकाऱ्यानं मान हलवली आणि लाकडाची बंदूक जमिनीवर ठेवली. कुणी घरी गेलं नाही. सगळा पाडा उन्हात तसाच उभा राहिला, आणि घोंगडीखाली, काजळीत तोंड खुपसून, मी रडत होतो.